इंजिन धरलं म्हणजे नेमकं काय झालं?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाची गाडी घेऊन आपण जिनिंगवर जातो. तिथला माणूस गाडीत हात घालतो, मूठभर कापूस ओढतो आणि म्हणतो, ‘माल ओला आहे, भाव कमी लागेल.’ आता आपण गप्प बसत नाही. ओलावा कशानं मोजला, यंत्र कुठं आहे, आमच्यासमोर लावा, असं म्हणतो. एवढं तरी आपण इतक्या वर्षांत शिकलो. पण तोच शेतकरी ट्रॅक्टर बंद पडला आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला, की तोंडात मिठाची गुळणी धरतो. मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन धरलं.’ आपण विचारतो, ‘किती लागतील?’ कुठं धरलं, कशानं धरलं, कशावरून म्हणता, यातलं काहीच नाही. आम्हीही विचारत नव्हतो. आज जे सांगणार आहोत ते आमच्यावरच गुदरलेलं आहे, आणि त्यात मिस्त्रीची जेवढी चूक आहे त्यापेक्षा आमची कमी नाही, हे आधीच कबूल करून ठेवतो.

आम्ही पाच घरांनी मिळून एक जुना ट्रॅक्टर घेतलेला होता. तीन सिलिंडरचा, एकोणचाळीस हॉर्सपॉवरचा. पाचही घरं कोरडवाहू. कापूस, तूर, ज्वारी. 2017 सालचा जून महिना. 1 तारखेपासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला होता, आम्ही त्या धावपळीत. ट्रॅक्टर वखरणी आटोपून निंबाखाली उभा. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर रंगाचा रिकामा डबा पालथा घालायची आपली सगळ्यांचीच रीत आहे. वावधान सुटलं, त्यात तो डबा उडाला. पाठोपाठ दोन रात्री चांगला पाऊस झाला. डबा कुठं गेला याची कोणाला आठवणही झाली नाही.

आठ-नऊ दिवसांनी पेरणीच्या तयारीला ट्रॅक्टर काढायला गेलो. किल्ली फिरवली, सेल्फनं ‘टक’ केलं आणि संपलं. बॅटरी उतरली असेल म्हणून दुसरी लावली. तीच ‘टक’. मग आपल्याकडं जो उपाय सगळ्यात आधी सुचतो तो केला. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली, गिअरमध्ये टाकून टोचन केलं. मागची चाकं मातीत घासत गेली. एकदा आतून ‘कट’ असा आवाज आला, आणि पुन्हा चाकं घासायला लागली. तेव्हा थांबलो. हा ‘कट’ लक्षात ठेवा, पुढं त्याचे पैसे भरायचे आहेत.

मिस्त्री आला. तालुक्याच्या गावचा, हाताला नाव असलेला माणूस. त्यानं एकदा सेल्फ मारून पाहिला, पंखा हातानं हलवून पाहिला, पुलीच्या नटाला पाना लावून जोर केला. सगळं मिळून पाच मिनिटं. म्हणाला, ‘इंजिन धरलं. लायनर, पिस्टन, रिंगा, शेल सगळं नवं. क्रँक लेथवर न्यावा लागेल. पासष्ट हजार धरून चाला, आणि पंधरा दिवस.’

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 4,320 रुपये होता. म्हणजे पासष्ट हजाराला पंधरा क्विंटल कापूस झाला, तोही हमीभाव हातात पडला तर. आमच्या जमिनीत पाऊस बरा झाला तर एकरी चार-पाच क्विंटल निघतो. बियाणं, खत, निंदण, वेचाई काहीच वजा न करता तीन-चार एकरांचा कापूस एका वाक्यावर मोजून द्यायचा. आणि पैशापेक्षा पंधरा दिवस जड. मृग लागलेला. वाफसा काही पंधरा दिवस आपली वाट बघत थांबत नाही. पेरणीच्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर मागायला गेलं तर आधी त्याच्या मालकाची पेरणी, मग त्याच्या भावाची, मग आपण. आमच्यातल्या एकानं घरातली पोत गहाण ठेवायची मनाची तयारीही करून टाकली. कोणीच काही विचारलं नाही.

विचारलं ते काकूंनी. पाच घरांतलं एक घर त्यांचं. काका गेल्यावर बारा वर्षं विहिरीवरचं हँडल मारायचं इंजिन त्यांनी स्वतः चालवलं. काकू म्हणाल्या, ‘मिस्त्री, एक विचारू काय? हे चालता चालता बंद पडलं, का उभ्या उभ्या?’

मिस्त्री हसला. ‘काकू, हे काही विहिरीवरचं इंजन नाही.’

‘नसंल. पण ह्यात बी पिस्टनच हाये ना?’

या एका प्रश्नावर थोडं थांबू, कारण सगळी गोम त्यातच आहे. चालतं इंजिन जेव्हा धरतं तेव्हा ते उष्णतेनं किंवा ऑईल न मिळाल्यानं धरतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. तेवढ्याच उष्णतेनं ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पाणी कमी झालं, रेडिएटर चोंदला, की पिस्टन फुगून लायनरला घासतो आणि चिकटतो. ऑईल संपलं किंवा पंपानं ओढलं नाही तर क्रँकवरचे शेल जळून क्रँकलाच चिकटतात. हे होण्याआधी इंजिन काहीतरी सांगतं. काटा लाल पट्टीवर जातो, ऑईलचा दिवा लागतो, ताकद जाते, जळका वास येतो, ठोका येतो. आमचा ट्रॅक्टर निंबाखाली येऊन गुमान बंद झाला होता. थंड, उभं इंजिन आपल्या आपण पिस्टन जाळत नाही. उभ्या उभ्या इंजिन अडकलं तर आत पाणी गेलं असेल, फार दिवस उभं असेल तर गंजानं धरलं असेल, नाहीतर इंजिनच्या बाहेरचंच काहीतरी अडलं असेल.

बाहेरचं काय अडतं? सेल्फचा छोटा दात्याचा गिअर फ्लायव्हीलच्या दात्यांत फसून बसतो. सेल्फचे बोल्ट ढिले केले की सुटतो. गिअरबॉक्स एका वेळी दोन गिअरमध्ये अडकते, तेव्हा क्लच दाबल्यावर इंजिन मोकळं फिरतं. पट्ट्यावरचा पाण्याचा पंप किंवा डायनामो जाम होतो, तेव्हा पट्टा काढला की कळतं. बॅटरीची अर्थिंगची तार सैल असली तरी हीच ‘टक’ ऐकू येते. यातल्या कशालाच इंजिन उतरवावं लागत नाही. मिस्त्रीला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्यापेक्षा शंभरपट माहीत होतं. त्यानं फक्त पाहिलं नाही, आणि आम्ही पाहा म्हटलं नाही.

काकूंनी दुसरी गोष्ट विचारली, ‘नोजल काढून पाहायला किती वेळ लागते?’ मिस्त्री म्हणाला, तासभर. आम्ही म्हटलं, तासाची मजुरी वेगळी घ्या, पण काढा.

नोजल काढण्याआधी त्यानं खालचा, चेंबरचा बोल्ट हळूहळू ढिला केला. ऑईल पाण्यावर तरंगतं, म्हणून उभ्या इंजिनात पाणी असलं तर ते तळाशी बसतं आणि बोल्ट सैल होताच पहिलं तेच बाहेर पडतं. आमच्या डोळ्यांदेखत आधी गढूळ पाणी आलं, चहाचा ग्लास भरेल एवढं, आणि मग काळं ऑईल. मिस्त्रीचा चेहरा तिथंच बदलला. मग तिन्ही नोजल काढले, स्टॉप ओढून ठेवला, सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि पान्यानं पुली फिरवली. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून तांबूस पाण्याची चिळकांडी उडून हुडावर आदळली. पासष्ट हजाराचं इंजिन पान्यावर फिरायला लागलं!

एक सावधगिरी मधेच सांगून घेतो. नोजल काढलेल्या भोकावर वाकून कोणी बघू नये. सेल्फ मारला तर पाणी, डिझेल इतक्या जोरात उडतं की डोळा जाऊ शकतो, आणि पंपाच्या बारीक नळीतून दाबानं सुटलेलं डिझेल कातडीच्या आत घुसतं. हे काम जाणत्या माणसानंच करायचं. आपण विचारायचं आणि लांबून बघायचं.

आता थोडा हिशेब. आमच्या इंजिनचं एक सिलिंडर सुमारे 830 घन सेंटिमीटरचं. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की आतली हवा सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर जागा उरते 50 घन सेंटिमीटरच्या आसपास. अर्धा कप चहा म्हणा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी असलं की पिस्टन वर येऊच शकत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इंजिन धरलं. ट्रॅक्टर बंद करताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा वॉल उघडा राहतो, त्याच सिलिंडरमध्ये सायलेन्सरमधून पाणी उतरतं. आमचं तिसरं उघडं राहिलं होतं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, काकू जिंकल्या, मिस्त्री हरला. आम्हालाही वाटलं. त्या संध्याकाळी आम्ही बऱ्याच फुशारक्या मारल्या. सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑईल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी नवं ऑईल, नवा फिल्टर घालून ट्रॅक्टर सुरू केला. सुरू झाला. पण धूर काळा, अंग थरथरतंय, आणि तिसऱ्या सिलिंडरमधून ठोका. मिस्त्री म्हणाला, ‘मी काल काय सांगितलं होतं?’

आम्ही पुन्हा गप्प होणार होतो. पण आता सवय लागली होती. म्हटलं, मिस्त्री, काल तुम्ही सगळं सांगितलं होतं. आज यातलं कोणतं, ते दाखवा.

या माणसाचा मोठेपणा असा, की तो चिडला नाही. त्यानं हेड उतरवलं, तिन्ही पिस्टन आळीपाळीनं अगदी वर आणले आणि लोखंडी पट्टी आडवी धरून आम्हाला एकेकाला वाकून बघायला लावलं. पहिला आणि दुसरा पिस्टन सारख्या उंचीवर, तिसरा दोन-अडीच मिलिमीटर खाली. कनेक्टिंग रॉड वाकला होता. वाकला म्हणून आखूड झाला, आखूड झाला म्हणून पिस्टन पूर्ण वर येईना, दाब कमी, धूर काळा. मग त्यानं आम्हाला विचारलं, ‘टोचन कोणी केलं होतं?’

कोणी बोललं नाही. तो ‘कट’ आवाज रॉड वाकल्याचा होता. आत पाणी, वरून दोन ट्रॅक्टरची ओढ, पाणी तर दबणार नाही, मग वाकणार कोण? टोचन केलं नसतं तर पाणी काढून, ऑईल बदलून दोन-अडीच हजारांत काम भागलं असतं. एक कनेक्टिंग रॉड, त्या एका सिलिंडरच्या रिंगा, शेल, हेडचं गॅस्केट, ऑईल आणि मजुरी धरून आम्हाला साडेतेरा हजार पडले. क्रँक चांगला निघाला, बाकीचे दोन लायनर चांगले निघाले, ते त्यानं दाखवले आणि तसेच बसवले. पाचव्या दिवशी ट्रॅक्टर शेतात गेला.

यानंतर पाचही घरं बसलो. काही जण म्हणाले, मिस्त्री लुटायलाच निघाला होता. आम्हाला ते पटत नाही. त्या माणसाच्या जागी बसून बघा. तो गाडीवरून पंधरा किलोमीटर आला. दोष शोधण्याची मजुरी आपण त्याला कधी देतो? ‘नुसतं पाहिलं त्याचे कसले पैसे?’ असं आपण म्हणतो. नोजल काढून पाणी काढलं आणि ट्रॅक्टर सुरू झाला, तर शंभर-दोनशेची नोट पुढं करतो, तीही जिवावर येऊन. पूर्ण इंजिन बांधलं तरच त्याला चार पैसे सुटतात, मालाच्या दुकानातून त्याचा हिस्सा सुटतो. ज्या बाजारात तपासणी फुकट आणि मोठ्या कामालाच दाम, त्या बाजारात तपासणीतून मोठंच काम निघणार. यात मिस्त्रीच्या मनात पाप असायची गरज नाही. आपल्या मालाला भाव नसला तर आपण तो माल पिकवणं सोडतो की नाही? तसंच त्याच्या तपासणीला भाव नाही, म्हणून तो तपासणी करणं सोडतो.

तेव्हापासून आम्ही एक पद्धत ठेवली. मिस्त्री बोलावला की पहिलं वाक्य हे, ‘दोष शोधायचे इतके पैसे. दोष छोटा निघाला तरी तेवढेच, मोठा निघाला तरी तेवढेच. पुढचं काम तुम्हालाच देऊ, पण आधी दाखवा.’ पाचशे-सातशे रुपये जातात. सुरुवातीला गावात आम्हाला हसले. पण तोच मिस्त्री आता आमच्याकडं आला की घाई करत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही घरी जाऊन प्रत्येक मिस्त्रीला चोर ठरवाल. दोन वर्षांनी शेजारच्या गावात ज्वारीची मळणी चालू असताना एकाचा ट्रॅक्टर तापून बंद पडला. चालता चालता. तिथं मिस्त्री म्हणाला, पिस्टन धरला, आणि ते खरं होतं. चेंबर खोलला, शेल स्वच्छ, ऑईलला दोष नाही. हेड उतरवलं तर दोन पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, लायनरला ॲल्युमिनियम चिकटलेलं. वाद घालायला जागाच नव्हती. त्यानं पैसे काढून नवे लायनर-पिस्टन टाकले. आणि पुढच्याच महिन्यात तोच ट्रॅक्टर त्याच मळणीयंत्रावर पुन्हा धरला.

का? कारण काय धरलं एवढंच विचारलं गेलं, कशानं धरलं ते कोणी विचारलं नाही. रेडिएटरच्या जाळीत भुसाचा बोटभर थर बसलेला होता, पंख्याचा पट्टा सैल होता. मळणीला ट्रॅक्टर एका जागी तासन् तास उभा चालतो, भोवती भुसाचा धुरळा, पुढून वारा नाही. जाळी दर दोन तासांनी झटकली नाही तर नवं इंजिनही तापणार. शिवाय त्या पोरानं तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं होतं, त्यात हेडला चीर गेली ती वेगळीच. नवा माल टाकून जुना रोग तसाच ठेवला. म्हणून मिस्त्री बरोबर असला तरी पुढचा प्रश्न सोडायचा नाही. एकच पिस्टन खराब निघाला तर विचारा, त्याच सिलिंडरचा का? त्याचं नोजल गळत असेल, डिझेल लायनरवरचं ऑईल धुऊन काढत असेल. ते नोजल तसंच बसवलं तर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जाणार. शेल जळाले असतील तर ऑईलचा पंप आणि जाळी उघडून बघितली का, ते विचारा.

कागदाचंही बोलून घेतो. काम करण्याआधी काय काय बदलणार ते साध्या कागदावर लिहून घ्या. काढलेला माल गोणीत भरून परत मागा. मोडीला विकायचा तर आपणच विकू. पक्कं बिल घ्या, चार रुपये जास्त लागले तरी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेली दुरुस्तीही येते, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेल्या यंत्राला ‘व्यापारी कारण’ म्हणून बाहेर ढकलता येत नाही. पण जिल्हा आयोगापुढं उभं राहायचं तर हातात कागद पाहिजे. चहाच्या टपरीवर ठरलेल्या कामाचा पुरावा काय देणार?

आणि टोचन. सेल्फनं ‘टक’ करून इंजिन हललं नाही तर टोचन करू नका. ढकलू नका, उतारावरून सोडू नका. आधी पुली पान्यानं हातानं फिरते का बघा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि बॅटरीची तार काढून. अजिबात हलत नसेल, किंवा थोडी फिरून एकाच जागी दगडासारखी अडत असेल, तर तिथंच सोडा आणि नोजल काढणाऱ्याला बोलवा. पावसात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरला तर हे पहिल्यांदा.

काकू आज बैठकीला येणार होत्या, पण निंदण सुरू आहे. त्यांनी तो वाकडा कनेक्टिंग रॉड आमच्यासोबत पाठवला आहे, सोबत त्याच मापाचा एक सरळ रॉडही आहे. दोन्ही बाहेर टेबलावर ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीत शेजारी शेजारी धरून बघा. ज्यांच्या ट्रॅक्टरवर डबा नाही त्यांच्यासाठी रंगाचे रिकामे डबेही आणले आहेत, बारा आहेत, पहिल्यांदा येईल त्याला.